दोन रात्री, पाठीवर सॅक आणि सोबत मुलं: बऱ्याच वर्षांनी पुन्हा निघताना

माळ्यावरून सॅक खाली काढली की तिच्यासोबत जुने हिशेबही खाली येतात. ‘चार किलोमीटर म्हणजे तासाभराची वाट’, ‘पंधरा किलो सहज उचलू’, ‘तंबू काय, अंधारातही दहा मिनिटांत उभा करू’. हे सगळं कधीकाळी खरं होतं. मुलांना घेऊन केलेली पहिली भटकंती फसते ती बहुतेक वेळा याच हिशेबांमुळे. सामान नवं आणता येतं, आकडे मात्र पुन्हा मांडावे लागतात. इथे ते मांडताना दोन मोठी माणसं, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं, दोन रात्री आणि तंबूतला मुक्काम धरला आहे. तयारीला सहा आठवडे द्या. चार आठवड्यांतही जमतं, पण मग बूट सरावायला फारसा वेळ उरत नाही.

वाट निवडताना

मुक्कामाची जागा गाडीपासून चार किलोमीटरच्या आत आणि चढ तीनशे मीटरपर्यंत असावा. यामागचं कारण अगदी साधं आहे. रात्री मुलाला ताप भरला तर उजाडताच सगळं सामान तिथेच टाकून, मुलाला पाठंगुळी घेऊन दोन तासांत गाडीशी पोचता आलं पाहिजे.

आलात त्याच वाटेने परत या. गोल फिरून येणाऱ्या वाटेत गोम अशी, की मधोमध अडकलात तर पुढे आणि मागे सारखंच अंतर राहतं, आणि तिथेच ‘आता आलोच आहोत तर’ म्हणून चुकीचा निर्णय होतो. एकाच वाटेने जाऊन-येऊन करायचं असलं की कुठूनही मागे फिरता येतं, आणि परतीची वाट मुलांना ओळखीची असते.

दोन्ही रात्री एकाच जागी राहा. पहिल्या दिवशी सामान घेऊन पोचायचं, दुसऱ्या दिवशी छोटी पिशवी घेऊन आसपास फिरायचं, तिसऱ्या दिवशी परत. रोज जागा बदलायची म्हटली तर मुलांसोबत तंबू आवरायला दीड तास आणि पुन्हा लावायला एक तास जातो. शिवाय दुसऱ्या दिवशी मोठ्यांचेच पाय बोलायला लागलेले असतात. जुन्या भटक्यांना हा बेत पुळचट वाटतो. वाटू द्या.

मुक्कामाजवळ पाणी हवंच. नकाशावरची निळी रेघ बाराही महिने वाहते असं नाही, त्यामुळे गेल्या दोन-तीन आठवड्यांत तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारा. राहायला परवानगी लागते का, शेकोटीला बंदी आहे का, वाट कुठे खचली आहे का, ही चौकशी त्या जागेची देखभाल करणाऱ्यांकडेच करावी. दहा वर्षांपूर्वीची आठवण इथे उपयोगाची नाही.

वेळ कशी धरायची

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरतात: सपाटीवर ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. आपल्या वाटेला तो लावला तर चार किलोमीटरची ४८ मिनिटं आणि तीनशे मीटर चढाची ३०, म्हणजे एकूण ७८ मिनिटं होतात. हा निरोगी मोठ्या माणसाचा वेग झाला आणि त्यात विश्रांती धरलेलीच नाही. मुलांसाठी याच्या दुप्पट, म्हणजे १५६ मिनिटं घ्या आणि दर चाळीस मिनिटांना दहा मिनिटांचा थांबा मिळवा. उत्तर सव्वातीन तासांच्या आसपास येतं. सकाळी दहाला पाऊल उचललं तर दीडपर्यंत मुक्काम.

हे गणित सूर्यास्ताकडून उलटं करा. मुक्कामावर पोचल्यावर किमान तीन तास उजेड उरायला हवा: एक तंबूला, एक पाणी आणि स्वयंपाकाला, आणि एक मुलांना नुसतं हुंदडायला. तिसरा तास चैनीचा नाही. नव्या जागी मुलांची भीड उजेडातच चेपते, आणि ती चेपली नाही तर रात्री कुणालाच झोप मिळत नाही.

चार-पाच वर्षांचं मूल दोन-तीन किलोमीटर चालेल, तेही रिकाम्या पाठीने. त्याहून लहान मूल पाठीवरच्या कॅरिअरमध्ये बसवायचं असेल तर कॅरिअरवर लिहिलेली वजनाची मर्यादा बघा. मूल, खिशातलं सामान आणि काही वेळा कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यात धरलेलं असतं. शिवाय एका मोठ्या माणसाची पाठ मुलाने अडवली की सगळं सामान दुसऱ्या पाठीवर येतं. अशा वेळी तंबूऐवजी पक्क्या छपराखाली मुक्काम असलेली जागा शोधावी.

माळ्यावरचं सामान तपासताना

सहा आठवडे आधी सगळं एका चादरीवर मांडा आणि एकेक वस्तू हातात घ्या. दिसायला चांगल्या वस्तूच जास्त फसवतात.

सुरुवात बुटांपासून. वरचं चामडं, नाड्या, सगळं धडधाकट दिसेल. बूट हातात धरून तळ दोन्ही बाजूंनी जोरात वाकवा आणि तळव्याच्या वरच्या फेसाळ थरावर नख दाबा. बऱ्याच बुटांत हा थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्यामुळे तो वर्षानुवर्षं आतून तुटत जातो. बूट नीट कपाटात ठेवले म्हणून तो वाचत नाही. केसासारख्या भेगा, नखाला लागणारी भुकटी किंवा चिकटपणा दिसला तर ते बूट गेले. वाटेवर असे बूट तासा-दोन तासांत जबडा उघडतात आणि अख्खा तळ लोंबायला लागतो. गोंद लावून काही होत नाही, कारण सांधा सुटलेला नसून थराचाच भुगा झालेला असतो. सात-आठ वर्षांहून जुने बूट तपासणीत पास झाले तरी ते घालून, ओझ्यासकट दोनदा लांब चालून या. सॅकमध्ये थोडी चिकटपट्टी आणि मजबूत दोरी ठेवा.

मग तंबू. वरचं कापड उलगडताना घडीला घडी चिकटत असेल आणि आंबूस वास येत असेल तर आतला पाणीरोधक लेप विरघळायला लागला आहे. लेप सगळीकडे चिकट असेल तर ते कापड दुरुस्त होत नाही. फक्त शिवणींवरची पट्टी सुटली असेल तर ती सोलून काढा आणि शिवणीवर सीम सीलर लावून चोवीस तास वाळू द्या. दांड्यांच्या आतलं इलास्टिक सैल पडलं की दांड्या एकमेकांत घट्ट बसत नाहीत आणि वाऱ्यात जोडावरच चिरतात. अडीच-तीन मिलिमीटरची इलास्टिक दोरी आणून ती ओवणं अर्ध्या तासाचं काम आहे. चेन दात सोडत असेल तर बहुधा दात चांगले असतात, सरकणारा तुकडा झिजलेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा किंचित दाबल्या की काम भागतं. जोरात दाबल्या तर तो फुटतो. खुंट्या मोजा, आणि चार जास्त घ्या.

स्लीपिंग बॅग पिशवीत कोंबून ठेवली असेल तर बाहेर काढून रात्रभर पसरून ठेवा. सकाळी ती फुगलेली असायला हवी. पिसांची बॅग धुऊन, कमी उष्णतेच्या ड्रायरमध्ये दोन-तीन टेनिसच्या चेंडूंसोबत फिरवली की बरीच सावरते. कृत्रिम भरण एकदा चपटं झालं की परत फुलत नाही.

स्टोव्हचं रबरी कडं कोरडं पडून चिरलेलं असतं. ते बदला, डबा जोडा, सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे येतात का पाहा. हे काम उघड्यावरच करायचं, आणि जवळ ज्योत नको. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा जरी गोठला असेल तर आतले तंतू फाटलेले असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाही आणि पाणी मात्र छान वाहत राहतं. जुना असेल तर सरळ नवा घ्या. टॉर्चमध्ये सेल राहिले असतील तर पांढरी-हिरवी भुकटी दिसेल. रेनकोटवर पाणी टाका. थेंब घरंगळायला हवेत. कापड ओलं होत असेल तर धुऊन पाणीरोधक द्रव लावावा लागेल. औषधांच्या पेटीतलं बहुतेक सगळं मुदत संपून गेलेलं असेल, तो विषयच सोडा.

पाय, मोठ्यांचे आणि छोट्यांचे

चढताना दम लागतो, म्हणून सराव चढायचा केला जातो. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मात्र उतारामुळे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो आणि त्याला त्याची सवय उरलेली नसते. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, म्हणजे नेमकं परतीच्या उतारावर. आठवड्यातून तीनदा जिने चढा आणि उतरताना लिफ्ट घेऊ नका. पहिले दोन आठवडे रिकाम्या पाठीने, मग पाच किलो, मग दहा. ओझ्याला पाण्याच्या बाटल्या बऱ्या, गुडघा कुरकुरला तर ओतून देता येतात.

मुलांना सरावाच्या नावाखाली दमवू नका. दर शनिवार-रविवारी एक फेरी, त्यांच्या त्यांच्या सॅकसकट, एवढं पुरे. या फेऱ्यांत त्यांचा खरा वेग घड्याळात मोजून लिहून ठेवा आणि वरचा सव्वातीन तासांचा आकडा त्यावरून दुरुस्त करा.

मुलांचे बूट तीन-चार आठवडे आधी घ्या. लवकर घेतले तर पाय वाढतो, उशिरा घेतले तर बूट सरावत नाहीत. संध्याकाळी, चालायचेच मोजे घालून माप घ्या, कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. उभं राहिल्यावर लांब बोटापुढे मोठ्यांच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. दुकानात उतरंड असेल तर त्यावर उभं करून बघा, बोटं पुढे आपटली तर नखं काळी पडणार. ‘पुढच्या वर्षीही होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले बूट टाचेला फोड आणतात.

वजनाचा ताळेबंद

मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा टक्के ओझं द्या, सराव असेल तर पंधरापर्यंत. मोठ्यांनी पूर्वी पंचवीस टक्के उचलले असतील, आता वीसवर थांबावं. आई-बाबा ७० आणि ६२ किलोंचे, मुलं ३५ आणि २५ किलोंची असतील तर चौघांची उचल १४, १२.४, ३.५ आणि २.५, म्हणजे ३२.४ किलो झाली. यात सॅकचं स्वतःचं वजनही आलं.

आता सामान तराजूवर चढवा. चौघांचा तंबू साडेतीन किलो, चार स्लीपिंग बॅगा ४.४, चार मॅट दोन, स्टोव्ह-गॅस-भांडी १.२, अडीच दिवसांचं खाणं सहा, पाणी सहा लिटर म्हणजे सहा, कपडे माणशी दीड धरून सहा, औषधं-टॉर्च-फावडं-किरकोळ दीड आणि सॅका मिळून ४.८. बेरीज ३५.४. तीन किलो जास्त!

हे तीन किलो कुठून काढायचे, हे घरी बसून ठरवा. वाटेत खात्रीचं पाणी असेल तर सहाऐवजी चार लिटर घेऊन निघा, दोन किलो तिथेच गेले. उरलेला किलो कपड्यांतून काढा. दोन रात्रींना चालायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, एक गरम थर, रेनकोट, टोपी आणि मोज्यांचे तीन जोड पुरतात. मुलांचे मोजे मात्र चार जोड घ्या, कारण पहिल्याच ओढ्यात एक जोड भिजतो. सुती कपडे नकोत. घाम किंवा पाऊस शोषून ते अंगाला चिकटतात, लवकर वाळत नाहीत आणि थांबलं की अंग गारठवतात. लोकर किंवा कृत्रिम धागा बरा.

मुलाच्या सॅकेत काय असावं? त्याची स्लीपिंग बॅग नव्हे, ती फार जागा खाते. रेनकोट, गरम थर, अर्धा लिटर पाणी, दिवसभराचा खाऊ, टॉर्च, शिट्टी आणि त्याने स्वतः निवडलेली एक वस्तू. म्हणजे एकटं पडलं तरी अंग झाकायला, प्यायला आणि आवाज द्यायला त्याच्याजवळ काही असेल. सॅक चढवताना आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे ओढा. पोरं खांद्याचे पट्टे सैल सोडतात, सॅक ढुंगणावर आपटत राहते आणि अर्ध्या तासात ‘पाठ दुखते’ सुरू होतं. खरं दुखणं मानेच्या मुळाशी असतं. संध्याकाळपर्यंत मुलाची सॅक आपल्या सॅकेला अडकवावी लागेल असं धरूनच चाला आणि त्यासाठी दोन हूक जवळ ठेवा.

झोप आणि थंडी

हवामानाचा अंदाज पायथ्याच्या गावाचा असतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. मुक्काम गावाहून आठशे मीटर वर असेल तर अंदाजातून पाच अंश वजा करा, आणि वारा असेल तर त्याहून गार वाटणार हे धरून चाला.

स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात, कम्फर्ट आणि लिमिट. त्यातला कम्फर्टचा बघा. तोही मोठ्या माणसाच्या शरीरावर बेतलेला असतो, त्यामुळे मुलांसाठी पाच अंशांची जादा ऊब घ्या. मोठ्यांच्या बॅगेत मूल झोपवायचं असेल तर पायाकडची रिकामी जागा तापवण्यातच त्याची ऊब खर्च होते. बॅग मुलाच्या पावलांच्या खाली, साधारण एक वीत सोडून, दोरीने बांधा किंवा उरलेला भाग खाली दुमडा. जाड बॅग घेऊन पातळ मॅट घेतली की चूक झालीच. अंगाखाली भरण दाबलं जातं आणि जमीन ऊब ओढून घेते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती राखते त्याचा आकडा, लिहिलेली असते. उबदार हंगामात दोन ते तीन, गारठ्यात चार किंवा वर.

मुलांना मधे झोपवा. झोपण्याआधी थोडं खायला द्या, लघवीला नेऊन आणा, कोरडे मोजे घाला. बाटलीत गरम पाणी भरून पायाशी द्यायचं तर झाकण घट्ट लावून बाटली दोन मिनिटं उलटी धरून बघा. मूल तोंड बॅगेत घालून झोपत असेल तर श्वासाच्या वाफेने बॅग ओलसर होते, त्याऐवजी कानटोपी द्या.

पाणी

चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, मुलाला पाव लिटरच्या आसपास लागतं, उन्हात जास्त. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. मुलं मागत नाहीत, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर आधी चार घोट, मग खाऊ, असा क्रम लावून द्या.

ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी तसंच पिऊ नका. ०.१ मायक्रॉनचा फिल्टर जीवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. क्लोरीनच्या गोळ्या विषाणू मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्यांना दाद देत नाही. म्हणून वर वस्ती किंवा गुरं असतील तर आधी गाळा, मग गोळी टाका आणि पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. गार पाण्यात तो वाढवावा लागतो. उकळणं सर्वात खात्रीचं: खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. गाळल्यावर बाटलीच्या तोंडाला मळकी नळी लागली तर सगळी मेहनत वाया. मळक्या पाण्याची पिशवी वेगळी ठेवा आणि तिच्यावर मोठी फुली मारा, मुलांनाही कळेल.

खाणं आणि गॅस

कोरडं खाणं मोठ्यांना दिवसाला साधारण ६५० ग्रॅम, मुलांना ५५० ग्रॅम धरा. दुपारी स्वयंपाक करायचाच नाही. संध्याकाळी पाणी उकळून ओतलं की दहा मिनिटांत तयार होईल असंच काही, आणि जे मुलांनी घरी आवडीने खाल्लं आहे तेच. थकलेलं मूल नवी चव नाकारतं आणि उपाशी झोपलं की रात्री कुडकुडतं. खाऊ रोजचा वेगळा पिशवीत बांधा, नाहीतर पहिल्याच दिवशी दोन दिवसांचं चॉकलेट संपतं.

वारा अडवलेला असेल तर लिटरभर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. रात्री पावणेतीन लिटर, सकाळी दीड, असं दोन दिवसांत साडेआठ लिटर झालं. म्हणजे जेमतेम १३० ग्रॅम. शंभराचा डबा पुरणार नाही, २३० चा पुरून वाऱ्यापावसाला शिल्लक राहील. अर्धवट वापरलेला जुना डबा न्यायचा असेल तर तराजूवर ठेवा, नव्या डब्याच्या वजनाशी ताडून आत किती आहे ते कळेल. हलवून केलेला अंदाज दर वेळी चुकतो. विमानाने जाणार असाल तर गॅस तिथे पोचूनच घ्यावा लागेल. आणि पाऊस कितीही असो, तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीहून कार्बन मोनॉक्साइड वाईट, त्याला वासच नसतो.

रंगीत तालीम

जायच्या दोन आठवडे आधी अंगणात, गच्चीवर किंवा दिवाणखान्यात एक रात्र झोपा. तंबू मुलांनी लावायचा, मोठ्यांनी फक्त दांड्या वाकवायच्या. दिवे बंद करून, फक्त टॉर्चवर. स्वयंपाक त्याच स्टोव्हवर, पण बाहेर मोकळ्यावर. किती वेळ लागला, काय विसरलं, कोण कुणाला लाथा मारतं, सगळं इथे कळतं आणि घर दहा पावलांवर असतं.

निघायच्या आदल्या दिवशी घरी राहणाऱ्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: वाट, मुक्काम, गाडीचा नंबर, परतायची वेळ, आणि त्याखाली दुसरी वेळ, जी उलटली तर मदतीला फोन करायचा. दोन्ही वेळांत तीन-चार तासांचं अंतर असू द्या. एकच वेळ दिली तर घरचे एकतर लवकर घाबरतात किंवा फार उशिरा. फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या, चालताना फ्लाइट मोडवर ठेवा आणि कागदी नकाशाही न्या.

चालायला लागल्यावर

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. मग थांबा. हा थांबा पायांसाठी आहे: प्रत्येकाला विचारा की मोज्यात कुठे गरम किंवा टोचल्यासारखं वाटतंय का. तिथे लाली दिसली तर लगेच कोरडं करून चिकटपट्टी लावा, कडा गोल कापून. फोड आल्यावर दोन दिवसांचा प्रश्न होतो, लाली असताना दोन मिनिटांचा.

पुढे सर्वात हळू चालणारं मूल, मागे एक मोठं माणूस. मोठं माणूस पुढे असलं की वेग नकळत वाढतो, आणि थांब्यावर मागचं मूल पोचतं तोवर पुढचे विश्रांती घेऊन उठलेले असतात. त्याला विश्रांती मिळतच नाही. मूल एकदम चिडलं, रडायला लागलं, बसकण मारली, तर आधी खाऊ द्या, पाणी द्या, दहा मिनिटं थांबा. समजूत त्यानंतर घाला. बऱ्याचदा घालावीच लागत नाही.

ठरलेल्या वेळेत अर्धी वाट झाली नसेल तर मागे फिरा. ओढ्याचं पाणी धाकट्याच्या गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तरीही मागे फिरा. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. डोंगराची धार, एकटं झाड आणि पाणी सोडून खाली उतरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

मुक्कामावर

तंबू पाण्यापासून आणि वाटेपासून साठ मीटर दूर लावा, म्हणजे मोठ्या माणसाची ऐंशी पावलं. शौचासाठीही तेच अंतर, आणि पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा. उजेड असतानाच मुलांना जागा दाखवा. साबणाने हात धुणं टाळू नका. प्रवासातली पोटं पाण्याइतकीच हातांमुळे बिघडतात, आणि जंतुनाशक जेल काही विषाणूंवर फारसं चालत नाही.

पोचल्या पोचल्या मुलांसोबत हद्द चालून या: हा दगड, ते झाड, तो ओढा. मग हरवलं तर काय करायचं ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या. अमेरिकेत १९८१ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचा डोंगरात हरवून मृत्यू झाल्यावर तिथल्या शोधपथकातल्यांनी मुलांना ‘झाडाला मिठी मार’ हे शिकवायला सुरुवात केली. म्हणजे वाट चुकल्याचं कळलं की आहेस तिथेच एका झाडाजवळ थांब, शिट्टी वाज. हरवलेलं मूल चालत राहिलं की शोधायचा परीघ वाढत जातो. शिवाय मुलं अनेकदा रागावतील म्हणून किंवा अनोळखी आवाज म्हणून हाकेला ओ देत नाहीत. ‘कुणीही रागावणार नाही, आवाज आला की ओरडायचं’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. शिट्टीचे तीन फुंकर, थोडं थांबून पुन्हा तीन.

मुलांच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने जास्त असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. तळहात गार असणं काही सांगत नाही, मानेखाली पाठीला हात लावून बघा. बडबडं मूल अचानक गप्प झालं, अडखळायला लागलं, चेन लावता येईना, शब्द अडकायला लागले, तर थांबा. ओलं काढा, कोरडं घाला, स्लीपिंग बॅगेत घ्या, गोड आणि कोमट प्यायला द्या. चालवून गरम करायचा प्रयत्न ओल्या कपड्यांत करू नका.

औषधांत पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, किमान चार तासांच्या अंतराने, दिवसात चारहून जास्त वेळा नाही. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रत्येक मुलाचा डोस त्या बाटलीवरच पेनाने लिहा, रात्री टॉर्चच्या उजेडात भागाकार करायची वेळ नको. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या पाण्यातच पूर्ण मिसळा, कमी पाण्यात केलेलं दाट मिश्रण जुलाब वाढवू शकतं. गोचीड चिकटली तर बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल किंवा जळती काडी लावू नका.

परतल्यावर

तंबू त्याच संध्याकाळी पसरा. ओला गुंडाळलेला तंबू एक-दोन दिवसांत बुरशीचा वास धरतो. स्लीपिंग बॅगा मोठ्या सैल पिशवीत ठेवा, टॉर्चमधले सेल काढा, फिल्टर उलट्या बाजूने पाणी सोडून धुवा आणि नीट वाळवा. न वापरता परत आलेल्या वस्तू वेगळ्या काढून तोला. औषधं आणि रेनकोट सोडून त्यातलं काहीच पुढच्या वेळी न्यायचं नाही. मुलांच्या पावलांचा आकार कागदावर काढून त्यावर तारीख लिहा आणि तो कागद त्यांच्या बुटांत घालून ठेवा.